लागणीआधी जमीन बघतो, मग मुलाचा कल का बघत नाही?

सभासद बंधू-भगिनींनो,

दहावीचा निकाल लागला की आपल्या भागात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "किती टक्के पडले?" जास्त पडले तर सायन्स, मध्यम पडले तर कॉमर्स, कमी पडले तर आर्ट्स, आणि काहीच जमेना तर "घाला आयटीआयला". पोराला कशात गोडी आहे, त्याच्या हाताला कोणतं काम बसतं, हे विचारायचं राहूनच जातं. विचारलं तरी पोरगं काय सांगणार? त्याने त्या विषयांचं तोंडच बघितलेलं नसतं.

आता आपली शेती बघा. लागण करायच्या आधी आपण जमीन पारखतो. भारी रान कोणतं, चोपण कोणतं, पाण्याचा निचरा कसा आहे हे पाहून जात निवडतो. को ८६०३२ चांगली म्हणून ती सगळ्याच रानात डोळे झाकून कोणी लावत नाही. क्षारवट रान असेल तर फुले २६५ चा विचार करतो. बेण्याचा डोळासुद्धा निरखून घेतो. आणि पोटच्या पोराची लागण मात्र शेजाऱ्याच्या पोराकडे बघून करतो!

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. माझा थोरला लहानपणापासून मोटर, स्टार्टर, वायरिंग यातच रमायचा. दहावीला मार्क बरे पडले म्हणून मी त्याला हट्टाने सायन्सला घातला. दोन वर्षं शहरात खोली, क्लास, मेस. बारावीला तो दोन विषयांत राहिला, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्याशी बोलेनासा झाला. शेवटी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. आज त्याचं बरं चाललं आहे. पण त्याची दोन वर्षं आणि माझं एका हंगामाचं ऊसबिल गेलं ते गेलंच. दहावीच्या आधी त्याला चार विषयांची नुसती तोंडओळख झाली असती, तरी त्याने ठामपणे सांगितलं असतं आणि मीही ऐकलं असतं.

अशी ओळख करून देता येते, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालेलं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ म्हणून गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय पुढे आला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. त्याचे भाग चार : शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य. एकाच विषयात पारंगत व्हायचं नाही, तर चारही विषयांना हात लावून बघायचा. मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी स्वयंपाकघरातलं शास्त्र शिकायचं. केलेल्या वस्तूला खर्च किती आला, हेही मांडायचं.

विचार तसा जुनाच आहे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, तेव्हा हाताच्या कामातून शिक्षण हेच सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावं असं म्हटलं आहे. पण धोरण कागदावर असतं. ते गावात उतरवायला कोणीतरी पुढे व्हावं लागतं.

माझी सूचना साधी आहे. गाळप बंद झालं की मे महिन्यात शाळांना सुटी असते आणि कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालू असतं. त्या काळात नववी पास झालेल्या मुलामुलींसाठी कारखान्याने चार आठवड्यांचा 'ओळख वर्ग' काढावा.

पहिला आठवडा शेतीचा. मातीचा नमुना कसा घ्यायचा, एक डोळा रोप कसं करायचं, ठिबक कसं चालतं. दुसरा यंत्राचा आणि विजेचा. मिल, बॉयलर, टर्बाइन उघडं असताना समजावून घ्यायचं आणि मोटर का जळते ते शिकायचं. तिसरा हिशेबाचा. काटापावती, साखर उतारा, एफआरपी, ऊसबिल आणि कारखान्याचा ताळेबंद वाचायला शिकायचं. चौथा आरोग्याचा. पाण्याची तपासणी, हिमोग्लोबिन म्हणजे काय, साप चावल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही.

काही सभासद म्हणतील, "शिकवणं हे शाळेचं काम, कारखान्याचं नव्हे." पण सहकारी साखर कारखान्यांनी शाळा-कॉलेजं काढली ती शेतकऱ्याचं पोर शिकावं म्हणूनच ना? इमारती झाल्या, आता आत काय शिकवायचं याकडे बघू. दुसरे म्हणतील, "खर्च?" शिकवणारे आपल्या घरातच आहेत. शेतकी अधिकारी, केमिस्ट, फिटर, अकौंटंट यांनी दिवसाचे दोन तास दिले तरी पुरे. तिसरा आक्षेप पोरांच्या जिवाचा आहे आणि तो रास्त आहे. म्हणून कारखान्यातल्या यंत्राला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. हातकाम शाळेच्या वर्कशॉपमध्ये, शिक्षकांच्या नजरेखाली.

"चार आठवड्यांत काय येणार?" असंही कोणी विचारेल. काम येणार नाही, हे खरं. पण आपल्याला काय जमत नाही हे तरी कळेल, आणि तेही लाखभर रुपये भरायच्या आधी. शिवाय ताळेबंद वाचता येणारी पोरं उद्या सभासद होतील. मग वार्षिक सभेत नुसतं 'मंजूर, मंजूर' ओरडणारे कमी होतील आणि प्रश्न विचारणारे वाढतील. यात संचालक मंडळानेही कमीपणा मानू नये. जाणता सभासद हीच सहकाराची खरी ठेव.

तरी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी संचालक मंडळाला नम्र विनंती. सभासदांनीही आपापल्या गटात यावर बोलावं. एका गटातली वीस पोरं घेऊन सुरुवात केली तरी चालेल. नुकसान झालेला माणूस सांगतो आहे, एवढंच ध्यानात घ्या.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद