पंधरा मिलिमीटरची फुशारकी

"रिम पंधराचीच आहे ना, मग टायर बसणारच की!" सेलूत टायरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर घटकाभर टेकलं, की हे ब्रह्मवाक्य कानी पडतं. बोलेरोचं 215/75 आर 15 काढायचं, 235/75 आर 15 चढवायचं. गाडी उठून दिसते म्हणे. दिसते खरी.

पण बसणं म्हणजे नुसतं रिमला धरणं नव्हे. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी. 75 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 75 इतकी टायरच्या भिंतीची उंची. रुंदी वाढवली की उंचीही वाढली. व्यास 703.5 मिलिमीटर होता, तो 733.5 झाला. गाडी या वाढीच्या निम्मी उचलली जाते: पंधरा मिलिमीटर, बोटाच्या जाडीएवढी! उरलेले पंधरा मडगार्डच्या दिशेने सरकतात. रिकाम्या गाडीत, दुकानासमोर, काहीच घासत नाही. सात जण बसवा, स्टेअरिंग पूर्ण वळवा, खड्ड्यात उतरवा आणि मग कान द्या. त्यात आपला मुलूख काळ्या मातीचा. पावसाळ्यात शेतरस्त्याला गेलेल्या चाकावर चिखलाचे थर चढतात, आणि त्यांना सुटायला जी फट लागते तीच आपण पैसे मोजून बुजवलेली असते.

दुसरा युक्तिवाद जरा हुशार आहे. "मीटर तसाही जास्तच दाखवतो; मोठ्या टायरने तो खरा होईल." यात अर्धं तथ्य आहे, ते नाकारू नये. संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा नियम सांगतो की काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. थोडा जास्त चालेल. म्हणून कंपन्या काटा जरा पुढे ठेवतात. पण मीटरला रस्ता दिसत नाही, तो फेरे मोजतो. जुन्या टायरचा फेरा 2.21 मीटरचा, नव्याचा 2.30, फरक 4.3 टक्के. कंपनीने ठेवलेली सूट याहून कमी असेल, तर काटा 80 वर आणि गाडी 80 च्या पुढे.

किलोमीटरच्या आकड्याबद्दल मात्र ही मंडळी गप्प असतात. भाड्याने गाडी चालवणाऱ्याने पंढरपूरची फेरी मारली, तर मीटरच्या दर शंभराला चाकं 104 किलोमीटर धावलेली असतात. वरच्या चारांचं डिझेल मालकाचं, भाडं कुणाचंच नाही. पुढे हाच मालक अ‍ॅव्हरेज पडला म्हणून मेस्त्रीशी भांडतो. पडलेल्यातलं काही इंजिनात नसतं, आकड्यात असतं.

मग टायर बदलूच नये? खुशाल बदला, पण व्यास सांभाळून. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला 165/80 आर 14 आणि वरच्याला 185/65 आर 15 कंपनीनेच दिलं. रिम इंचाने वाढली, टायर वीस मिलिमीटर रुंद झालं, तरी व्यास 619.6 वरून 621.5 इतकाच. भिंत बुटकी करून हिशोब जुळवला. जाणकार दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाहीत. बाकड्यावरच्यांनी सरळ रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी काटा एकदा ताडून पाहावा. गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने.

आणि बोलेरोच्या मागच्या दाराकडेही बघावं. टायर चारच घेतलेली असतात. स्टेपनी जुन्या मापाचीच लटकत असते. जिंतूर रोडला मागचं चाक पंक्चर झालं, की एका बाजूला 733, दुसरीकडे 703, आणि मधल्या डिफरन्शियलने सरळ रस्त्यावरही गाव येईपर्यंत वळणावर असल्यासारखं राबायचं.