गाण्याची शिकवणी : हक्काची कमाई

भीमजयंती आली की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. मंडपवाल्याचे, डीजेवाल्याचे पैसे रोख चुकते होतात. गायकाला मात्र आपण सांगतो, "दादा, समाजाचं काम आहे, सांभाळून घ्या." हे सांभाळून घेणे किती पिढ्या चालायचे?

गावगाड्यात हलगी बडविणे हे दलितांवर लादलेले काम होते. मोबदला काय, तर भाकरतुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. मग आपल्याच चळवळीत कलावंताचा गळा फुकट कसा?

भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादा कर्डकांच्या (१९२२-२००४) गीतांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या काळजात पोहोचविला. तो वारसा डीजेच्या भिंतीपुढे नाचून टिकणार नाही, शिकवावा लागेल. म्हणून आमचे सांगणे आहे की, ज्याच्या गळ्यात सूर आणि हातात ढोलकी आहे, त्याने घरातच शिकवणी सुरू करावी.

भांडवल किती? एक खोली, पेटी, ढोलकी, सतरंजी. मुलांची फी आधीच ठरवावी, पावती द्यावी. गरिबाला सवलत द्यावी, पण स्वतः उपाशी राहू नये. उद्यम नोंदणी ऑनलाइन व मोफत होते. तिच्यासाठी दलालाला एक रुपयाही देऊ नये. भीमगीतांबरोबर रागदारीचा पायाही शिकवावा आणि मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेपासून बसवावे. प्रमाणपत्र हाती असले की आपल्या मुलाला 'नुसता गाणारा' म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. आणि गीत शिकविताना कवीचे नाव आधी सांगावे. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्तृत्वाचा हा मान कवीला दिला आहे.

कुणी म्हणेल, हा मिशनचा बाजार झाला. आम्ही वकिलीची फी घेतो, डॉक्टर तपासणीची घेतो. आम्हाला कुणी समाजद्रोही म्हणत नाही. मग गायकानेच त्यागाचा मक्ता का घ्यावा? स्वाभिमान केवळ गाण्यात नको, गाणाऱ्याच्या चुलीतही दिसला पाहिजे.

जयंती मंडळांनी यंदा वर्गणीतून पहिली रक्कम कलावंताच्या बिदागीची बाजूला काढावी. उरलेल्या पैशातून वस्तीतील एक मुलगा आणि एक मुलगी फी भरून शिकवणीला पाठवावी. डीजे एका रात्रीत थांबतो, शिकलेले गाणे पिढ्यांना पुरते.

जयभीम!