शेवट ठाऊक नसलेला निवेदक

साहित्याच्या अध्यापनात आपल्याला एक सवय जडलेली आहे. कोणतीही कलाकृती वर्गात येते ती तिच्या शेवटासह येते. हॅम्लेट मरणार, हे पहिल्या अंकातला पहारेकरी तोंड उघडण्यापूर्वीच विद्यार्थ्याला ठाऊक असते. ॲना कारेनिना रेल्वेखाली जीव देणार, हे तर ती कादंबरी कधी हातात न घेतलेल्यांनाही ठाऊक असते. मग आरंभीच्या प्रकरणातला रेल्वेस्थानकावरचा अपघात आपोआप ‘पूर्वसूचना’ ठरतो आणि प्रत्येक प्रसंगाचा अर्थ शेवटाच्या उजेडात लागू लागतो. यालाच आपण जाणकार वाचन म्हणतो. ते चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु या सवयीपायी एका प्रकारच्या लेखनाकडे पाहण्याची आपली दृष्टी अधू झाली आहे, असे मला वाटते. आपल्या संघाच्या एका हंगामाविषयी, तो हंगाम चालू असतानाच चाहत्याने केलेले लेखन, हा तो प्रकार. अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने असे लेखन झाले आहे आणि ते क्रीडासाहित्याच्या कप्प्यात टाकून मोकळे होण्याजोगे खचितच नाही.

हा प्रकार नेमका कोणता, हे समजण्यासाठी प्रथम त्याच्या शेजारच्या प्रकाराकडे पाहू. जॉन अपडाइक यांनी 1960 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये टेड विल्यम्स या बोस्टनच्या खेळाडूवर लिहिलेला निबंध अमेरिकी क्रीडालेखनातला मानबिंदू मानला जातो. विल्यम्सचा बोस्टनमधला तो शेवटचा सामना होता आणि फलंदाजीच्या अखेरच्या संधीला त्याने चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडला. अपडाइक यांची शैली अप्रतिम आहे, यात वाद नाही. मात्र त्यांनी लेखणी उचलली तेव्हा तो चेंडू कुंपणापलीकडे पडून चुकला होता. निबंधातले आकाश, प्रेक्षक, मैदानाची ठेवण, सारे त्या एका फटक्याकडे वळवून मांडता येत होते. शिखर आधी दिसले आणि वाट मागाहून आखली गेली. श्रेष्ठ क्रीडानिबंध बहुधा याच रीतीने लिहिला जातो.

चाहत्याच्या रोजनिशीला ही सोय नसते. बेसबॉलच्या हंगामाची रचनाच मुळी शिखरांच्या विरोधात आहे. प्रत्येक संघ सुमारे सहा महिन्यांत 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. उत्तम म्हणवला जाणारा संघही त्यांतले साठेक सामने हरतो. एवढ्या गर्दीत एखाद्या सामान्य मंगळवारच्या पराभवाला वेगळे मोल उरत नाही आणि तरीही कोणीतरी तो सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिलेला असतो. हा खेळ अंगी मुरतो तो या दैनंदिनतेमुळे. अंतिम सामना कोणीही पाहतो. मे महिन्यातला मंगळवार पाहणाऱ्याला चाहता म्हणावे.

डोरिस कर्न्स गुडविन या इतिहासकार स्त्रीने ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ (1997) या आठवणींच्या पुस्तकात आपल्या बालपणीचे एक चित्र रेखाटले आहे. त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना बेसबॉलचा धावफलक टिपायला शिकवले. यात नऊ जागांना नऊ आकडे दिलेले असतात आणि कोणी चेंडू अडवला, कोणाकडे फेकला, हे त्या आकड्यांतून उमगते. दुपारचा सामना मुलगी रेडिओवर ऐकत असे आणि वहीत उतरवत असे. संध्याकाळी वडील कामावरून आले की ती वही पुढ्यात घेऊन ब्रुकलिन डॉजर्सचा तो अख्खा सामना त्यांना सांगत असे. सुरुवातीला ती ‘जिंकलो’ किंवा ‘हरलो’ हे आधीच बोलून जाई आणि गोष्टीतला जीवच निघून जाई. हळूहळू तिला कळले, की गोष्ट आरंभापासून सांगायची असते आणि शेवट स्वतःजवळ राखून ठेवायचा असतो. हे सारे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सविस्तर छापून येते, हे वडिलांनी तिला कळू दिले नाही. आपण सांगितले नाही, तर वडिलांना सामना कधीच कळणार नाही, अशा समजुतीत ती वाढली. इतिहासकथनाची आपली ओढ तिथे रुजली, असे गुडविन मानतात.

या प्रसंगावर कथनशास्त्राचा एक अख्खा तास घेता येईल. निवेदकाजवळ शेवटाचे ज्ञान आहे आणि तो ते रोखून धरतो, अशी ही पारंपरिक कथनाची घडण. दुपारी मात्र, रेडिओसमोर पेन्सिल घेऊन बसलेली असताना, त्याच मुलीजवळ ते ज्ञान नव्हते. दुपारची वही आणि संध्याकाळची गोष्ट या दोन भिन्न साहित्यकृती आहेत. आपण समीक्षक संध्याकाळच्या गोष्टीविषयी पुष्कळ बोलतो, दुपारच्या वहीविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही.

गुडविन यांचे पुस्तक ही अर्थातच संध्याकाळची गोष्ट आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे ब्रुकलिनच्या चाहत्यांचे पालुपद त्यांनी शीर्षकासाठी निवडले, तेव्हा ते ‘पुढचे वर्ष’ 1955 मध्ये खरोखरच उगवले होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतर दोनच वर्षांनी मालकाने संघ उचलून लॉस एंजेलिसला नेल्याचे आणि ज्या मैदानावर हे सारे घडले ते 1960 मध्ये पाडले गेल्याचेही ठाऊक होते. पुढे गुडविन बोस्टनच्या परिसरात स्थायिक झाल्या आणि रेड सॉक्स या तिथल्या संघाच्या चाहत्या बनल्या. नेमक्या याच संघाच्या वाट्याला दुपारच्या वहीचा एक दुर्मीळ नमुना आला आहे.

तो नमुना म्हणजे स्ट्युअर्ट ओनान आणि स्टीफन किंग या दोन कादंबरीकारांचे ‘फेथफुल’. 2004 च्या वसंतातील सरावापासून ऑक्टोबरपर्यंत दोघांनी तारीखवार नोंदी केल्या, एकमेकांना ईमेल लिहिले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे पुस्तक निघाले. रेड सॉक्सने विश्वविजेतेपद 1918 नंतर मिळवलेले नव्हते. 1946, 1967, 1975 आणि 1986 अशा चार अंतिम मालिका हा संघ सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात हरला होता. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 2003 मध्ये, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्यांना उपान्त्य मालिकेच्या सातव्या सामन्यात जादा डावांत नमवले होते. ही जखम ओली असताना पुस्तक सुरू होते. लिहिणाऱ्यांना शेवट ठाऊक नाही, आणि अनुभवाने त्यांना एवढेच शिकवले आहे, की तो बहुधा वाईट असेल.

आता त्या वर्षी काय घडले, हे सर्वश्रुत आहे. उपान्त्य मालिकेत यांकीजनी पहिले तिन्ही सामने जिंकले. त्यांतला तिसरा तर 19-8 असा, बोस्टनच्याच मैदानावर. चौथ्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात बोस्टन एका धावेने मागे असताना डेव्ह रॉबर्ट्स या बदली धावपटूने दुसरा बेस चोरला, बरोबरी साधली गेली आणि मध्यरात्र उलटल्यावर बाराव्या डावात बोस्टन जिंकले. मग उरलेले तिन्ही सामनेही त्यांनी जिंकले. बेसबॉलमध्ये 0-3 अशा पिछाडीवरून अशी मालिका तोवर कोणीही जिंकली नव्हती. त्यानंतर सेंट लुईसला सलग चार सामन्यांत हरवून 27 ऑक्टोबर 2004 रोजी, 86 वर्षांनंतर, ते विश्वविजेते झाले.

माझी तक्रार इथून सुरू होते. या विजयाने ‘फेथफुल’चे वाचन बिघडवले आहे. ते विजयाचे पुस्तक म्हणून विकले गेले आणि वाचले गेले. एप्रिलमधली प्रत्येक कुरकूर म्हणजे ऑक्टोबरमधल्या आनंदाची पूर्वतयारी, असे वाचकाने गृहीत धरले. वास्तविक पुस्तकाचा बहुतांश भाग ज्या मनःस्थितीत लिहिला गेला, तिच्यात ऑक्टोबर नव्हताच. उन्हाळ्यात संघ अडखळत होता. चाहत्यांचा लाडका नोमार गार्सियापारा याला 31 जुलैला शिकागोला देऊन टाकण्यात आले, तेव्हा तो विजयाकडे जाणारा रस्ता आहे, असे कोणत्याही प्रामाणिक चाहत्याला म्हणता आले नसते. डेव्ह रॉबर्ट्स त्याच दिवशी संघात आला. त्या दिवशीच्या नोंदीत कोणाला किती जागा द्यावी, हे दुपारच्या वहीला कळूच शकत नाही, आणि हे न कळणे हाच तिचा प्रामाणिकपणा आहे.

वास्तव लेखकाशी कसे वागते, याचा एक दाखला तर एखाद्या कादंबरीकाराला सुचला असता, तरी त्याने तो अतिरंजित म्हणून खोडला असता. किंग यांनी 1999 मध्ये ‘द गर्ल हू लव्हड् टॉम गॉर्डन’ ही कादंबरी लिहिली. रानात हरवलेली नऊ वर्षांची मुलगी छोट्या रेडिओवर रेड सॉक्सचे सामने ऐकते आणि टॉम गॉर्डन या त्यांच्या खऱ्याखुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मनातल्या मनात सोबती करून तग धरते. 2004 मध्ये हाच गॉर्डन यांकीजकडून खेळत होता. उपान्त्य मालिकेच्या पाचव्या सामन्यात, आठव्या डावात, त्याच्याच गोलंदाजीवर बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला आणि मागे पडलेला संघ पुन्हा सामन्यात आला. कादंबरीत जो तारणहार होता, तो हंगामात शत्रूच्या गोटातून, आणि तेही अपयशी ठरून, तारून गेला. कादंबरीकाराची आपल्या पात्रावर सत्ता असते. चाहत्याची कशावरच नसते. किंग यांच्यासारख्या कथनावर पकड असलेल्या लेखकाने एक वर्षभर ही सत्ताहीनता पत्करली, हे मला या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे वाङ्मयीन कृत्य वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. ही निष्ठा नेमकी कशावर? संघ ही एक खाजगी कंपनी असते. खेळाडू करारावर येतात आणि जातात. डॉजर्स एका रात्रीत तीन हजार मैल दूर जाऊ शकतात, लाडका नायक जुलैच्या अखेरच्या दुपारी विकला जाऊ शकतो. उरतो तो गणवेश आणि त्यावरचे नाव. अशा बाजारू वस्तूवरच्या भाबड्या प्रेमाला साहित्यमूल्य कसे द्यायचे? शिवाय नामवंत लेखक मोक्याच्या आसनांवर बसून पुस्तकासाठी हंगाम पाहतात, तेव्हा त्या रोजनिशीला निरागस तरी कसे म्हणायचे?

आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. चाहत्याला हा व्यापार दिसत नाही, असे नव्हेच. त्याच्याइतका कडवट टीकाकार मालकांना दुसरा भेटत नाही. आपल्या ओरडण्याने चेंडूची दिशा बदलत नाही आणि आपल्या प्रेमाची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही, हे तो जाणतो. तरीही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रेडिओ लावतो. परिणामावर काडीचाही अधिकार नसताना दिलेले हे अवधान पुस्तकाच्या वाचकाच्या अवधानाहून वेगळे आहे काय? आपणही पात्रांना वाचवू शकत नाही. तरी वाचतोच.

बाजाराला मात्र शेवट हवा असतो. निक हॉर्नबी यांच्या ‘फीव्हर पिच’ (1992) या इंग्लिश फुटबॉलवेडाच्या आठवणींवर बेतलेला अमेरिकी चित्रपट 2004 मध्ये रेड सॉक्सची पार्श्वभूमी घेऊन तयार होत होता. संघ नेहमीप्रमाणे हरणार, हे पटकथेत गृहीत होते. संघ जिंकला आणि निर्मात्यांना शेवट बदलून सेंट लुईसच्या मैदानावर तो चित्रित करावा लागला. पटकथेला हंगामामागे धावावे लागले, याचा मला आनंदच आहे. परंतु त्या चित्रपटाने पराभवाऐवजी विजय घातला, एवढेच. शेवट ठाऊक असल्याचा सूर तसाच राहिला.

रेड सॉक्सनी पुढे 2007, 2013 आणि 2018 मध्येही विजेतेपदे मिळवली. आजच्या तरुण चाहत्याला ‘शापित’ बोस्टनची गोष्ट दंतकथा वाटत असेल. म्हणूनच आता ‘फेथफुल’ नीट वाचणे अधिक कठीण झाले आहे आणि अधिक आवश्यकही. विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे तर ते ऑक्टोबरपूर्वी थांबवून ठेवावे, असे मी सुचवेन. शेवटची प्रकरणे काढून घ्यावीत आणि विचारावे, की एवढ्याच पुस्तकाला अर्थ आहे की नाही.

हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. 2004 च्या त्या विजयानंतर बोस्टनच्या परिसरातली कित्येक माणसे दफनभूमीत गेली. आईवडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर त्यांनी संघाच्या टोप्या आणि विजयाचे मथळे असलेली वर्तमानपत्रे ठेवली. 1918 ते 2004 या 86 वर्षांत असंख्य माणसे या संघाचे सामने ऐकत, टिपत, चिडत जगली आणि शेवट न कळता गेली. त्यांचे वाचन अपुरे राहिले असे म्हणायचे, तर आपणा सर्वांचेच अपुरे राहणार आहे. कारण आपल्यातल्या प्रत्येकालाच कोणत्यातरी हंगामाच्या मध्यावर वही मिटावी लागते. त्या माणसांनी आपापला मंगळवार लक्षपूर्वक पाहिला होता. समीक्षेने त्या मंगळवाराची किंमत ऑक्टोबरच्या निकालावरून ठरवू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.