भावी डॉक्टरांना आपत्ती फक्त पाठ आहे

2019 च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कम्युनिटी मेडिसिनमध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे चार मुद्दे आहेत: संकल्पना, आपत्ती चक्र, मानवनिर्मित आपत्ती आणि राष्ट्रीय प्राधिकरण. चारही ठिकाणी अपेक्षा वर्णनाची. करून दाखवा, असे एकातही नाही.

दरड कोसळली, इमारत पडली की चाळीस-पन्नास जखमी एकदम येतात. श्वास, नाडी, सांगितलेले समजते का, एवढे पाहून मिनिटभरात लाल, पिवळी, हिरवी की काळी पट्टी ते ठरवायचे. याला ट्राएज म्हणतात आणि ते सरावानेच जमते. सरकारी रुग्णालयाच्या दारात तेव्हा बहुधा इंटर्नच उभा असतो.

आम्हाला हा प्रश्न समतेचाही वाटतो. आपल्या अनेक वस्त्या गावाबाहेर, ओढ्याकाठी. पाणी आधी तिथेच शिरते. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतवाटपातही दलितांना डावलले गेले. ट्राएजमध्ये क्रम जखम ठरवते. सराव नसलेला, गोंधळलेला डॉक्टर मात्र ज्याचा आवाज मोठा, ज्याची पुढाऱ्याशी ओळख, त्याच्याकडे आधी वळतो. माणूसच तो.

इंटर्नशिपमध्ये वर्षातून दोनदा मॉक ड्रिल सक्तीचे करा, ही आमची मागणी आहे. त्यातले एक पावसाळ्याआधी, आणि रुग्ण म्हणून वस्तीतलीच माणसे बोलवा.