प्रवेशिका न पाठविण्याची कारणे
मायगव्हच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांस खुले पत्र

महोदय,



२०१४ साली आपल्या संस्थेची स्थापना झाल्यापासून केंद्र सरकारची मंत्रालये आणि अभियाने यांची बोधचिन्हे खुल्या स्पर्धांतून मिळविण्याचा प्रघात आपल्या विद्यमाने दृढ झाला आहे. नागरिकांस राज्यकारभारात सहभागी करून घेण्याच्या ज्या हेतूने हा उपक्रम चालतो, त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. आणि तरीही, उपयोजित कलेवर चरितार्थ चालविणारा एक चित्रकार या नात्याने, अशा स्पर्धांस प्रवेशिका न पाठविण्याचा निश्चय मी केला आहे व माझ्या व्यवसायबंधूंनीही तो करावा असा माझा आग्रह आहे. त्याची कारणे आपणापासून लपवून न ठेवता उघडपणे मांडणे उचित, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम श्रमाचा हिशेब पाहू. रुपयाच्या चिन्हासाठी अर्थ मंत्रालयाने २००९ साली स्पर्धा जाहीर केली तेव्हा ३,००० हून अधिक प्रवेशिका आल्या, आणि मुंबईच्या आय.आय.टी.त संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचे, देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ साधणारे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने स्वीकारले. ते चिन्ह उत्तम आहे, आणि त्याच्या कर्त्यास मिळालेले अडीच लाखांचे पारितोषिक सर्वथा योग्यच होते. परंतु प्रत्येक प्रवेशिकेमागे अवघे दोन दिवस धरले, तरी एकंदर श्रम ६,००० दिवसांचे होतात, आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस मानल्यास एका माणसाच्या आयुष्याची ती २० वर्षे भरतात. त्यांपैकी जवळजवळ सर्व वर्षे कोणताही मोबदला न देता खर्ची पडली, आणि तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदला गेला नाही.

विजेत्याच्या बाजूने पाहिले तरी हिशेब फारसा सुधारत नाही. स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह, म्हणजे गांधीजींच्या चष्म्याच्या दोन भिंगांवर उमटलेले ते दोन शब्द, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांची निर्मिती आहे, याचा आम्हां मराठी जनांस अभिमान वाटतो. ज्या चिन्हास ५०,००० रुपयांचे पारितोषिक मिळाले, ते २०१६ पासून नव्या मालिकेच्या चलनी नोटांवर छापले जात आहे. इतक्या व्यापक उपयोगाचे मोल उपयोगाच्या मानाने ठरविले जावे, ही अपेक्षा लोभाची म्हणता येणार नाही.

परंतु पैसा हे माझे मुख्य कारण नाही. बोधचिन्ह ही एका दीर्घ चौकशीची अखेर असते. हे खाते कोणासाठी आहे, त्याचा शिक्का एकाच रंगात उमटणार की नाही, ते चिन्ह लेटरहेडच्या कोपऱ्यात आणि बसच्या पाठीवर सारखेच वाचता येईल काय, ज्या खेड्यात ते भिंतीवर रंगविले जाईल तेथील रंगाऱ्यास ते साधेल काय, हे प्रश्न विचारल्यावाचून, आणि विचारल्यावर उत्तर देणारा अधिकारी समोर असल्यावाचून, चित्रकाराचे खरे काम सुरूच होत नाही. स्पर्धेत हा संवाद मुळातच वगळलेला असतो. चार ओळींची माहिती वाचून चित्रकाराने परीक्षकांच्या आवडीविषयी तर्क करावा आणि परीक्षकांनी शेकडो तर्कांतून एक उचलावा, एवढेच शिल्लक राहते. मग जे मिळते ते चौकशीचे फळ नव्हे. फुकट काम नाकारणारा चित्रकार म्हणूनच केवळ आपल्या पोटाचे रक्षण करीत नाही. ज्या कामासाठी सरकारने त्यास बोलाविले, त्या कामाचेही तो रक्षण करतो.

स्पर्धांच्या शर्तींविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. विजयी प्रवेशिकेवर तिच्या कर्त्याचा हक्क राहणार नाही व मंत्रालयास तीत वाटेल तसा फेरफार करण्याची मुभा राहील, अशा आशयाची कलमे त्यांत नेहमी आढळतात. आपल्याच संसदेने केलेला १९५७ चा कॉपीराइट अधिनियम मात्र सांगतो की, स्वामित्वहक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी व्हावे आणि त्यात मोबदल्याचा उल्लेख असावा. शिवाय हक्क विकल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेस बाध येईल अशा विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार कर्त्यापाशी उरतो. विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले, तेव्हा त्या शिल्पकाराने सरकारविरुद्ध दाद मागितली आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाखांची भरपाई मंजूर केली. ज्या सरकारास हा धडा मिळाला आहे, त्याच्या शर्ती अधिक विचारपूर्वक लिहिल्या जाव्यात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे: अप्रसिद्ध तरुणास स्पर्धेवाचून दुसरी संधी कोणती? संधी अवश्य हवी. परंतु जी संधी हजारांकडून काम घेऊन एकासच मोबदला देते, तिचा भार सर्वाधिक त्या तरुणावरच पडतो, कारण रिकाम्या हाती परतणे ज्यास परवडत नाही तो तोच असतो. विनामूल्य कामास माझा सरसकट विरोध आहे, असेही नाही. लघुनियतकालिकांची मुखपृष्ठे आणि प्रायोगिक नाटकांची भित्तिपत्रके कित्येक मराठी चित्रकारांनी आनंदाने फुकट केली. तेथे आपण कोणास व कशासाठी देत आहोत हे देणाऱ्यास ठाऊक होते, आणि दिलेले काम वापरले जात होते. दान आणि सोडत यांत हा भेद आहे.

सरकारच्या वागणुकीचे अनुकरण बाजार करतो, हेही ध्यानात घ्यावे. “आधी दोन-तीन लोगो करून दाखवा, पसंत पडले तर पुढचं बघू,” असे व्यापारी आज निःशंकपणे सांगतो, कारण दिल्लीही तेच सांगते.

उपाय दुर्घट नाही. वास्तुविशारदांच्या १९८९ च्या आचारनियमांनी त्यांच्या परिषदेच्या स्पर्धाविषयक मार्गदर्शक तत्त्वांचे आणि मोबदल्याच्या दरांचे पालन हे व्यावसायिक कर्तव्य ठरविले आहे. आम्हांस असे वैधानिक छत्र नाही, म्हणून आपणच पुढाकार घ्यावा. पूर्वीची कामे पाहून तीन ते पाच चित्रकार निवडावेत, त्यांत एक तरी नवोदित असावा. प्रत्येकास अधिकाऱ्यांशी प्रत्यक्ष चर्चेची मुभा आणि आराखड्याचा ठरावीक मोबदला द्यावा. नापसंत आराखडे ज्याचे त्यास परत जावेत. आणि पसंत चिन्हासाठी रीतसर करारनामा व्हावा. रुपयाच्या स्पर्धेत अंतिम पाचांस प्रत्येकी २५,००० रुपये देण्याची तरतूद होती. तेच तत्त्व पहिल्या पायरीपासून लागू करावे, इतकीच ही मागणी आहे. नागरिकांचा सहभाग घोषवाक्यांत, सूचनांत आणि अखेरच्या मतदानात खुशाल घ्यावा.

माझ्या व्यवसायबंधूंस सांगणे एवढेच की, नकाराचा पहिला भार ज्यांचा जम बसला आहे अशा आपण उचलला पाहिजे. नवख्याने एकट्याने नकार दिला तर त्याची जागा दुसरा घेईल. आपण सर्वांनी दिला तर शर्ती बदलाव्या लागतील.

महोदय, उपरोक्त शर्तींवर आपले निमंत्रण येईल, तर आम्ही पूर्ण तयारीनिशी हजर होऊ आणि देशाचे काम म्हणून त्यात उणे पडू देणार नाही. तोपर्यंत आमच्याकडून प्रवेशिका येणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक उपयोजित चित्रकार