सामंजस्य करारांचा आकडा आणि गेटबाहेरचा रोजगार

दावोसहून मुख्यमंत्री परतले की किती लाख कोटींचे सामंजस्य करार झाले आणि किती लाख रोजगार येणार, हे आकडे जोडीनेच छापून येतात. पहिल्या आकड्यातून दुसरा आपोआप निघतो, असे मात्र नाही. देशात येणाऱ्या थेट परकी गुंतवणुकीत सर्वांत मोठा वाटा सेवाक्षेत्राचा आहे. शिवाय चालू कंपनीचा मोठा हिस्सा परकी मालकाने विकत घेतला, तरी ती रक्कम गुंतवणुकीतच मोजली जाते. कारखान्यात नवे यंत्र येतेच असे नाही.

जिथे कारखाना खरोखर उभा राहतो, तिथेही गेटच्या आतल्यापेक्षा बाहेरचा रोजगार मोठा: सुटे भाग, डाय, फोर्जिंग, वाहतूक. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये चाकणला सुरू झाला, तो काही नुसत्या जमिनीसाठी नव्हे. टेल्को आणि बजाज यांनी पिंपरी-आकुर्डी पट्ट्यात साठच्या दशकापासून पुरवठादार घडवले होते. भोसरीत टूलरूम होत्या, आयटीआयमधून निघालेले फिटर-टर्नर होते. इथल्या कौशल्याने गुंतवणूक ओढून आणली. आपली चर्चा नेहमी याच्या उलट टोकाने सुरू होते.

परकी मोटार कंपन्यांना सुटे भाग देशातच घेण्याची अट पूर्वी सरकार घालू शकत असे. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा-समितीने 2001 मध्ये ती नियमबाह्य ठरवली. आता भिस्त आयातशुल्कावर आणि उत्पादनाशी जोडलेल्या अनुदानावर.

आलेली गुंतवणूक टिकतेच असेही नाही. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2017 अखेर कंपनीने देशातली विक्री थांबवली, निर्यातीपुरते उत्पादन चालू ठेवले, आणि डिसेंबर 2020 मध्ये तेही बंद केले. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचे ठरले होते. पण शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला एप्रिल 2020 पासून सरकारी मंजुरी सक्तीची झाली आणि व्यवहार बारगळला. अखेर 2023 मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला. जमिनीला आणि यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले; कामगारांना मात्र मधल्या काळात कोर्टाची पायरी चढावी लागली.

म्हणून परकी भांडवल नको, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. पण राज्य जीएसटीचा परतावा आणि सवलतीचे लाभ घेणाऱ्या कंपनीने कायम कामगार किती, कंत्राटी किती आणि राज्यातल्या पुरवठादारांकडून खरेदी किती, हे दरवर्षी जाहीर करायला काय हरकत आहे? ही खरेदीची अट नव्हे, नुसता हिशेब आहे. तो मागायला जागतिक व्यापार संघटनेचीही आडकाठी नाही.