डब्याची गाळणी आणि गेलेली वीज

बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या खामगावात कापसाइतकीच चांदीची पेठही नावाजलेली आहे. चांदीचे ताट घ्यायला आलेले गिऱ्हाईक ताटाच्या चकाकीला भुलत नाही. कस काय, वजन किती, घडणावळ किती, हे सगळे विचारून मगच ते पिशवीत हात घालते. पण हेच गिऱ्हाईक मुलाच्या हट्टापायी माशांची टाकी घ्यायला गेले की मात्र एकच प्रश्न विचारते, "यातला सगळ्यात भारी फिल्टर कोणता?" दुकानदार काळा चकचकीत डबा पुढे करतो. त्याला दोन नळ्या असतात आणि खोक्यावर 'ताशी ६०० लिटर' असे मोठ्या आकड्यात छापलेले असते. आकडा मोठा, किंमत मोठी, तेव्हा वस्तूही मोठीच असणार, असे मानून सौदा होतो.

या डब्याला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. आपण त्याला डब्याची गाळणी म्हणू. अशी गाळणी १९६० च्या दशकात जर्मनीतील एहाइम या कारखान्याने बाजारात आणली आणि पुढे ती जगभर गेली. वस्तू चांगली आहे, यात शंका नाही. तरीही माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन फुटी घरगुती टाकीसाठी आणि आमच्यासारख्या गावात, जिथे उन्हाळा कडक आणि वादळात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे ही गाळणी पहिली निवड असू नये. घ्यायचीच असेल तर खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवून घ्यावी.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या टाकीत गप्पी आणि मॉली मिळून चौदा मासे होते आणि टाकीखालच्या कपाटात नवी डब्याची गाळणी होती. पाणी इतके नितळ की टाकीमागच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता यावे. एका रात्री अकराच्या सुमारास वावटळ सुटली, कुठेतरी तारांवर झाड पडले आणि वीज गेली. ती आली सकाळी आठला. तोवर मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडे हलवीत होते, पण जिवंत होते. मला हायसे वाटले. गाळणी घरघरली, नळीतून काळसर पाण्याचा लोट टाकीत आला आणि खोलीभर कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. दुपारपर्यंत अकरा मासे गेले.

शेजारचा सहावीतला मुलगा रोज संध्याकाळी माशांना खाणे घालायला येत असे. तो बराच वेळ टाकीपाशी उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, वीज नव्हती तेव्हा मासे जगले आणि वीज आल्यावर कसे मेले?"

प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि मला त्याचे उत्तर त्या दिवशी नीट देता आले नाही. आज देतो.

गाळणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते. चोथा वर राहिला, चहा खाली आला. टाकीतली गाळणीही माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे असेच अडवते, परंतु हे तिचे दुय्यम काम. मासे आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया पाण्यात सोडत असतात. खाण्याचे कण कुजले की त्यातूनही अमोनिया निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कुठल्याही जाळीत अडकत नाही आणि माशांना मात्र मारतो. नदीत वा तळ्यात तो पसरून विरळ होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. त्यातून वाळू-दगडांची जागा आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर हाती उरते ४५ लिटर. एवढ्याशा पाण्यात त्याने जावे कुठे?

इथे जीवाणू मदतीला येतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट बरेच सौम्य असते आणि ते वनस्पतींना खत म्हणून चालते. ही दोन कामे दोन निरनिराळ्या जीवाणूंची, असे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवले आणि सव्वाशे वर्षे सर्वांनी तेच शिकवले. मग २०१५ साली दोन्ही कामे एकट्याने करणारे जीवाणू सापडले. गंमत अशी की त्यांच्यापैकी काही मत्स्यपालनाच्या पाण्याला जोडलेल्या एका गाळणीतच राहत होते!

हे जीवाणू पाण्यात फारसे पोहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणून त्यांना पृष्ठभाग भरपूर लागतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक-एक मिलिमीटरचे हजार घन केले तर एकूण क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर भरते. पदार्थ तेवढाच, जागा दहापट! सच्छिद्र स्पंज, चिनी मातीच्या पोकळ नळ्या, खरखरीत दगडांचे तुकडे गाळणीत घालतात ते याचसाठी. म्हणजे गाळणी ही खरे पाहता जीवाणूंची चाळ आहे. पंप फक्त तिथपर्यंत पाणी आणि प्राणवायू पोहोचवतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अमोनियाचे नायट्रेट होण्यासाठी प्राणवायू खर्च होतो. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनामागे साडेचार मिलिग्रॅमहून थोडा अधिक. आणि पाणी गरम झाले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला सात. माझ्या डब्यात दोन लिटर पाणी होते, म्हणजे वीज गेली त्या क्षणी सगळा मिळून १४-१५ मिलिग्रॅम प्राणवायू. डबा झाकणाने घट्ट बंद. अडकलेली घाण कुजवणारे इतर जीवाणूही त्याच शिदोरीवर जेवणारे. ती किती वेळ पुरणार? शिदोरी संपली की उपयोगी जीवाणूंचे काम थांबते आणि प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जीवाणू डोके वर काढतात. कुजक्या अंड्याचा वास त्यांनी केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. हाही माशांना अत्यंत घातक. नऊ तास डब्यात मुरलेले ते पाणी मी स्वतःच्या हाताने बटण दाबून टाकीत सोडले.

टाकीचे तसे नव्हते. तिला वरून हवा लागत होती, म्हणून रात्रभर मासे कसेबसे तगले.

अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवरही अवलंबून असते. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यातले एकच रूप फार विषारी. २५ अंशाला सामू ७ असेल तर शंभरातला अर्धा भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की पाच भाग, ९ झाला की पस्तीसच्या वर. आमच्याच जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या घरात मोजला गेलेला आहे. त्या पाण्यात अमोनियाच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग विषारी रूपात असतील. घरचे पाणी लोणारइतके टोकाचे नसते, हे आपले नशीब. पण काळ्या दगडातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी पुष्कळदा जड आणि सातच्या वरच्या सामूचे असते. गप्पी, मॉली यांना ते मानवते. तरी त्यात अमोनियाची सूट कमी, हे ध्यानात ठेवा.

"मग हौदातले गप्पी मासे गाळणीशिवाय कसे जगतात?" असे तुम्ही विचाराल. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हे मासे हौदात सोडतात, ते तुम्ही पाहिले असेल. तिथे पाणी शेकडो लिटर, मासे थोडे, भिंतींवर शेवाळ, आणि डबीतले खाणे दिवसातून तीनदा टाकणारे कोणी नाही. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाण्याचा समतोल राखता येतो, असे मांडले. त्याच्यापाशी कुठलाच पंप नव्हता. गाळणी निवडण्याआधी माशांची संख्या निवडा, असे मी म्हणतो ते यामुळे. दोन फुटी टाकीत दहा-बारा लहान मासे पुरेत. आणि गोल्डफिश नकोच. तो वाढतो फार आणि घाणही फार करतो.

एवढे झाल्यावर गाळणी. दोन फुटी टाकीला मी साधी स्पंजाची गाळणी सुचवीन. हवेच्या पंपातून येणारे बुडबुडे नळीतून वर चढतात आणि आपल्यासोबत स्पंजातून पाणी ओढून नेतात. दिसायला गबाळी आहे, घुरघुर आवाज येतो आणि काचेआड ती जागा अडवते, हे सगळे आक्षेप खरे. पण वीज गेली तरी स्पंज टाकीच्याच पाण्यात असतो, बंद डब्यात गुदमरत नाही. शिवाय सेलवर किंवा चार्ज करून चालणारा हवेचा छोटा पंप स्वस्तात मिळतो. तो जोडला की जीवाणू आणि मासे दोघांची रात्र निभावते. सौंदर्यासाठी जीव टांगणीला लावणे मला पटत नाही.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, ज्यांना झोपण्याच्या खोलीत आवाज नको आहे, किंवा ज्यांची टाकी तीन-साडेतीन फुटी आहे, त्यांनी डब्याची गाळणी जरूर घ्यावी. तिच्यात जीवाणूंची चाळ मोठी होते, हा तिचा खरा गुण. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "ताशी किती लिटर?" हा नसावा. "डबा उघडून दाखवा, आत माल भरायला जागा किती?" हा असावा. मग नळ्यांना बंद करायच्या चाव्या आहेत का ते पाहा, नाही तर धुताना फरशीवर पूर येतो. झाकणाची रबरी कडी सुटी मिळते का, हेही विचारा. दहा रुपयांची कडी मिळाली नाही म्हणून हजारोंची गाळणी माळ्यावर गेलेली मी पाहिली आहे. विजेचा खर्च फारसा नाही. १० वॉटचा पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला सव्वासात युनिट.

'ताशी ६०० लिटर' या आकड्याचे काय? तो बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. काहींना वाटते, डबा खाली आणि टाकी वर, तेव्हा कूलरच्या पंपासारखे याही पंपाला पाणी उंच चढवावे लागते. तसे नाही. नळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते. अडवणूक होते ती स्पंजाची, वळणांची आणि साचलेल्या घाणीची. खरा प्रवाह मोजणे अगदी सोपे आहे. बाहेर सोडणाऱ्या नळीचे तोंड, टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच, पाच लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ पाहा. बादली भरायला दीड मिनिट लागले तर ताशी २०० लिटर. ४५ लिटरच्या टाकीला हे पुष्कळ झाले. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरले म्हणजे बस्स. सहाशेच्या झोतात बिचारे गप्पी दिवसभर प्रवाहाशी झुंजत राहतील. मोजलेला आकडा तारखेसह वहीत लिहा. तो निम्म्यावर आला की धुण्याची वेळ झाली.

धुताना स्पंज नळाखाली धरू नका. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतो आणि तो आपले जीवाणू वेगळे ओळखत नाही. टाकीतलेच बादलीभर पाणी काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असे नाही, म्हणून ती बादली ओतून देऊ नका. त्यात नायट्रेट असते, कुंड्यांना ते मानवते. माझ्या अंगणातला मोगरा त्यावरच पोसला आहे.

आणि वीज तास-दोन तासांहून अधिक काळ गेली, तर ती आल्याबरोबर बटण दाबू नका. आधी चाव्या बंद करून डबा सोडवा, आतले पाणी फेका, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मगच जोडा. पुढचे दोन-तीन दिवस खाणे निम्मे करा, आणि मासे वर येऊन तोंडे हलवू लागले तर एक दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेले पाणी घालून टाकीतले चौथाई पाणी बदला. आता माझ्या टाकीत स्पंजाची गाळणी घुरघुरते आहे. वाचलेल्या तीन गप्पींची पिल्ले झाली, त्यांतली पाच मी त्या शेजारच्या मुलाला दिली. त्याने ती अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडली आहेत, आणि अजून तरी फिल्टर मागितलेला नाही.